तीन पकार

थोडक्यांत बोलणें हा गुण आहे, असें आपल्याकडे फार प्राचीन काळापासून मानीत आले आहेत. अर्धी मात्रा वांचली कीं वैयाकरणाला पुत्रजन्माइतका आनंद होतो, ही गोष्ट व्याकरणाचा गंध नसलेल्यांनाही ठाऊक असते. आपल्या पत्रव्यवहारांतही ‘रा. रा.’, ‘ती.’, ‘चि.’, ‘सा. न. वि. वि.’ हीं अक्षरें पिढ्यान् पिढ्या सुखानें नांदलीं आणि त्यांनीं कोणाचा घात केल्याचें ऐकिवांत नाहीं. ‘सा. न.’ म्हणजे साष्टांग नमस्कार हें लिहिणारा व वाचणारा या दोघांनाही ठाऊक असे. नमस्कार आंखूड झाला तरी तो नमस्कारच राही. तेव्हां संक्षेप म्हणून संक्षेपाविरुद्ध तक्रार करण्याचें कांहीं कारण नाहीं. परंतु अर्थशास्त्र आणि राजकारण या दोन प्रांतांत हल्लीं जे संक्षेप बोकाळले आहेत त्यांची गोष्ट निराळी आहे. तेथें लिहिणाराच्या मनांतला अर्थ वाचणाराच्या मनांत उतरेलच अशी खात्री नसते; आणि कित्येकदां, भीत भीतच म्हणावेंसें वाटतें कीं, लिहिणाराच्या मनांतही तो पुरता नसतो.

उदाहरणादाखल ‘पी. पी. पी.’ हा एकच संक्षेप घेऊं. वर्तमानपत्राच्या एका पानावर पी. पी. पी.च्या हिशोबानें भारताची अर्थव्यवस्था जगांत तिसरी असल्याचें वृत्त असतें. दुसऱ्या पानावर अमुक एका शहराचें बसस्थानक पी. पी. पी. पद्धतीनें बांधण्याचें ठरल्याचें कळतें. परदेशच्या बातम्यांत पाकिस्तानांतील पी. पी. पी.नें कोणास पाठिंबा दिला याची चर्चा असते, आणि न्यायालयांच्या वृत्तांत नदींत रसायनें सोडणाऱ्या एखाद्या कारखान्यावर पी. पी. पी.च्या आधारें रक्कम बसविलेली असते. पहिल्या ठिकाणीं या अक्षरांचा अर्थ ‘पर्चेसिंग पॉवर पॅरिटी’ म्हणजे क्रयशक्तीची समता. दुसऱ्या ठिकाणीं ‘पब्लिक-प्रायव्हेट पार्टनरशिप’ म्हणजे सार्वजनिक व खासगी यांची भागीदारी. तिसऱ्या ठिकाणीं ‘पाकिस्तान पीपल्स पार्टी’ हा पक्ष. आणि चौथ्या ठिकाणीं ‘पोल्यूटर पेज प्रिन्सिपल’, म्हणजे जो दूषित करील त्यानें भरावें हें तत्त्व. एवढ्यानें भागत नाहीं. गयानांत १९५० सालीं छेदी जगन यांनीं ‘पीपल्स प्रोग्रेसिव्ह पार्टी’ स्थापिली. दक्षिण कोरियांतील एका मोठ्या पक्षानें २०२० सालीं ‘पीपल पॉवर पार्टी’ हें नांव घेतलें. आणि त्याच वर्षीं, महामारीच्या दिवसांत, अमेरिकन सरकारनें नोकरांचे पगार चालू राहावेत म्हणून व्यवसायांना जीं कर्जें दिलीं त्या योजनेचें नांव ‘पेचेक प्रोटेक्शन प्रोग्रॅम’ असें होतें.

आतां एका ध्वनीचे अनेक अर्थ असले म्हणून आकाश कोसळत नाहीं. ‘कर’ या शब्दाचे हात, किरण आणि सरकारचें देणें असे तीन अर्थ आहेत. तरी करवसुलीस आलेल्या अंमलदाराशीं हस्तांदोलन करून त्याची बोळवण केल्याचें कोणी सांगत नाहीं. संदर्भ आपलें काम चोख बजावीत असतो. येथेंही बसस्थानकाच्या बातमींत कोणी पाकिस्तानच्या पक्षाला शोधावयास जाणार नाहीं. म्हणून अर्थांची ही गर्दी, जी पाहून आपण प्रथम हंसतों, ती खरी अडचण नव्हे. खरी अडचण एकेका अर्थाच्या पोटांत आहे. संक्षेप उलगडून शब्द मांडले म्हणजे प्रत्येक शब्द एक दावा करीत असल्याचें दिसूं लागतें. ‘समता’ म्हटल्यावर कोणाची कोणाशीं, हें विचारावेंसें वाटतें. ‘भागीदारी’ म्हटल्यावर वांटा किती, हें विचारावेंसें वाटतें. ‘भरावें’ म्हटल्यावर कोणाला, हें विचारावेंसें वाटतें. नुसतीं अक्षरें उच्चारलीं कीं हे तिन्ही प्रश्न जागच्या जागीं गप्प होतात. ‘पी’ला कोण काय विचारणार?

पाणिनीच्या शास्त्रांतलें एक उदाहरण येथें आठवतें. त्याच्या चौदा शिवसूत्रांत ‘ण्’ हें खुणेचें अक्षर दोनदां आलें आहे. त्यामुळें ‘अण्’ हा प्रत्याहार पहिल्या ‘ण्’पर्यंत घ्यावा कीं दुसऱ्यापर्यंत, असा संशय उत्पन्न होतो. पहिला घेतला तर तीन स्वर. दुसरा घेतला तर सर्व स्वर आणि शिवाय ह, य, व, र, ल हीं व्यंजनें. संक्षेपाच्या त्या महाराजालाही एक अक्षर दोन कामांना लावावें लागलें! परंतु त्यावर भाष्यकारांनीं जी भूमिका घेतली ती ध्यानांत घेण्याजोगी आहे. संशय आहे म्हणून सूत्र टाकून द्यावें, असें ते म्हणाले नाहींत. आणि ज्याला जो अर्थ सोयीचा तो त्यानें घ्यावा, असेंही म्हणाले नाहींत. व्याख्यानानें निर्णय करावा, असें त्यांनीं ठरविलें. म्हणजे ज्याला संक्षेपाची सवलत हवी, त्याच्यावर विवरणाचें ऋण आलें. संक्षेप वापरणाराच्या नैतिक जबाबदारीचा जो प्रश्न मला येथें मांडावयाचा आहे, तो याच ऋणाचा आहे. आपल्या पी. पी. पी.च्या बाबतींत तें कोण फेडतो?

प्रथम क्रयशक्तीची समता घेऊं. हें नांव स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ गुस्टाव कासेल यांनीं १९१८ सालीं रूढ केलें. पहिल्या महायुद्धानें युरोपांतील चलनांचे परस्परांशीं असलेले जुने भाव मोडून टाकले होते, आणि ते पुन्हां कोणत्या पातळीवर बसवावेत हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. पुढें निरनिराळ्या देशांचें उत्पन्न ताडून पाहण्यासाठीं या कल्पनेचा उपयोग होऊं लागला. १९६८ पासून संयुक्त राष्ट्रसंघ व पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ यांनीं मिळून देशोदेशींच्या किंमती गोळा करण्याचें काम हातीं घेतलें, आणि तें आज जागतिक बँकेच्या देखरेखीखालीं चालतें. २०१७ सालच्या मोजणीचे भारताचे आंकडे पाहा. त्या वर्षीं बाजारांत एका डॉलरला सरासरी ६५.१२ रुपये पडत. पण अमेरिकेंत एक डॉलर जें विकत घेतो तें भारतांत २०.६५ रुपयांत मिळतें, असें या मोजणींत आढळलें. या हिशोबानें जगाच्या एकंदर उत्पन्नांत भारताचा वांटा ६.७ टक्के भरला, आणि आपण चीन व अमेरिका यांच्या खालोखाल तिसरे ठरलों. हें विधान खोटें मुळींच नाहीं. बाजारभावानें हिशोब केला तर आपल्या देशांतील कोट्यवधि लोक जिवंत कसे राहतात हेंच समजणार नाहीं. तें कोडें ही मोजणी सोडविते.

पण रुपया येथें एवढा बळकट कशानें झाला? तेल, पोलाद, तांबें हे जिन्नस बोटींतून जगभर जातात, त्यांचे भाव सर्वत्र थोडेफार जुळते असतात. न्हाव्याची कात्री बोटींतून जात नाहीं. धुणेंभांडें, स्वयंपाक, शिंप्याचें काम, ओझें वाहणें, रात्रीची राखण, आजाऱ्याची सेवा या गोष्टी जेथल्या तेथेंच विकत घ्याव्या लागतात, आणि ज्या देशांत माणसाच्या श्रमाला मोल कमी त्या देशांत त्या स्वस्त असतात. बेला बलासा व पॉल सॅम्युएलसन यांनीं १९६४ सालीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, याची शास्त्रीय मीमांसा केली. ती मीमांसा बाजूस ठेविली तरी आपल्या घरांतल्या घरांत तिचा पडताळा येतो. मध्यमवर्गीय कुटुंबाचा रुपया बलवान आहे, कारण त्यांच्याकडे भांडीं घासावयास येणाऱ्या बाईला तो थोडा मिळतो. कुटुंबाच्या टोपलींत तिचे श्रम आहेत. तिच्या टोपलींत कोणाचे श्रम आहेत? ती धुण्याला बाई ठेवीत नाहीं. ती तांदूळ, तेल, गॅस, औषध, मुलाची वही आणि मोबाइलचें रिचार्ज विकत घेते. तांदूळ येथें अमेरिकेपेक्षां स्वस्त आहेत हें खरें, पण ज्या सेवांच्या स्वस्ताईमुळें देशाचा सरासरी आंकडा फुगतो, त्या सेवा तिच्या खरेदींत नाहींत, तिच्या विक्रींत आहेत. राष्ट्राची म्हणून जी क्रयशक्ति छापून येते तींत एकाची स्वस्ताई व दुसऱ्याचें स्वस्त विकलें जाणें हीं एकाच बेरजेंत बसविलेलीं असतात. आणि अशा बेरजेला ‘समता’ हें नांव आहे! गणितांत तें नांव निर्दोष आहे; पण मराठींत समता हा शब्द महात्मा फुल्यांच्या व आंबेडकरांच्या हातून जाऊन आलेला आहे, आणि त्यामुळें तो ऐकतांना मनांत जी आशा उठते ती या कोष्टकानें पुरी होण्यासारखी नाहीं.

दारिद्र्याच्या मोजणींत हीच गोष्ट अधिक बोंचते. जागतिक बँकेनें १९९० सालीं रोजचा एक डॉलर अशी रेषा आंखली. तीच २००८ सालीं सव्वा डॉलर, २०१५ सालीं १.९० डॉलर, २०२२ सालीं २.१५ डॉलर आणि २०२५ च्या जूनमध्यें ३ डॉलर झाली. हे डॉलर क्रयशक्तीचे. म्हणजे त्या ३ डॉलरांचे रुपये बाजारभावानें जितके होतील त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकेच धरावयाचे. बातमी देतांना तीं तीन अक्षरें बहुधा गळतात आणि वाचक बाजारभावानें गुणाकार करून मोकळा होतो. याच्या उलट, तीं अक्षरें छापलीं तरी त्यांचा अर्थ किती जणांना लागतो? संजय रेड्डी व थॉमस पोगे या दोघां विद्वानांनीं आक्षेप घेतला होता कीं, सर्व देशाच्या सर्व खरेदीवरून काढलेलें हें माप गरिबाच्या खरेदीला लागू पडत नाहीं. त्यावर पुष्कळ वाद झाला, आणि बँकेच्या बाजूनेंही विचार करण्याजोगीं उत्तरें आलीं. तो वाद येथें सोडवितां येणार नाहीं. पण तो वाद आहे हेंसुद्धां तीन अक्षरांवरून कोणाला कळत नाहीं. रेषा हलली कीं काल गरीब नसलेला माणूस आज गरीब ठरतो, आणि त्याच्या ताटांत मात्र काल होतें तेंच असतें.

भागीदारीचें नांव नवें असलें तरी वस्तु जुनी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास जी आगगाडी गेली तिच्या मागेंही असाच एक करार होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीशीं ईस्ट इंडिया कंपनीनें १८४९ सालीं केलेल्या करारान्वयें जमीन फुकट आणि भांडवलावर शेंकडा पांच व्याजाची हमी होती. गाडीला तेवढें उत्पन्न झालें नाहीं तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरींतून भरावयाची. नफा झाला तर भागधारकांचा, बुडाला तर रयतेचा. खुद्द इंग्लंडांत १९९२ सालीं खासगी भांडवलानें सरकारी कामें करून घेण्याची योजना निघाली, शाळा व इस्पितळें तिच्यावर बांधलीं गेलीं, आणि २०१८ सालीं त्याच देशाच्या अर्थमंत्र्यांनीं यापुढें असे नवे करार करावयाचे नाहींत म्हणून जाहीर केलें.

भागीदारी म्हणजे काय, हें आपल्याकडे १९३२ च्या कायद्यानें ठरविलें आहे: धंद्याचा नफा वांटून घेण्याचें ज्यांनीं आपसांत कबूल केलें त्यांच्यामधील नातें तें. या व्याख्येवर सार्वजनिक-खासगी भागीदारी घांसून पाहिली तर ती बहुधा टिकत नाहीं. पुष्कळदां तो मक्ताच असतो. अमुक वर्षें वसुली करण्याचा हक्क एकाला दिलेला असतो. मक्ता हा कांहीं वाईट शब्द नव्हे. रस्ता मुळींच न होण्यापेक्षां पथकर देऊन झालेला बरा, हा युक्तिवादही पोकळ नाहीं. पण मक्ता म्हटलें कीं लोक मुदत विचारतात, रक्कम विचारतात, मक्तेदाराच्या वह्या पाहूं म्हणतात. भागीदारी म्हटलें कीं आपणही त्यांत आहोंत असा गोड समज होऊन ते घरीं जातात. कोल्हापुरांत मात्र ते घरीं गेले नाहींत. शहरांतील रस्ते खासगी कंपनीकडून बांधून घेऊन त्यांवर पथकर बसविण्यांत आला, तेव्हां प्रा. एन. डी. पाटील, गोविंदराव पानसरे प्रभृतींच्या पुढारीपणाखालीं लोकांनीं वर्षानुवर्षें विरोध केला. आपल्याच गांवांत भाजीला जाण्यासाठीं आपण पैसे कां द्यावे, हा त्यांचा प्रश्न अगदीं साधा होता. डिसेंबर २०१५ मध्यें राज्य सरकारनें तो पथकर रद्द केला आणि कंपनीचें देणें आपल्या अंगावर घेतलें. म्हणजे तें पुन्हां सार्वजनिक तिजोरीकडेच आलें. करारावर ‘पब्लिक’ या पहिल्या अक्षराच्या वतीनें ज्यांनीं सही केली, त्यांनीं त्या पब्लिकला आधीं विचारलें असतें तर हा सगळा वळसा टळला असता.

येथें एक चमत्कारिक योग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. झुल्फिकार अली भुत्तो यांनीं १९६७ च्या अखेरीस लाहोर येथें जो पक्ष काढला त्याची घोषणा भाकरी, वस्त्र आणि निवारा यांची होती. क्रयशक्तीची याहून सोपी व्याख्या कोणत्याही अर्थशास्त्रज्ञानें केलेली नाहीं. सत्ता हातीं येतांच १९७२ सालीं त्यांनीं मोठमोठे कारखाने सरकारी मालकीचे केले. त्यांच्या कन्येच्या राजवटींत, १९९४ सालीं, त्याच पक्षानें वीज निर्माण करण्यासाठीं खासगी कंपन्यांना भरघोस हमी देऊन बोलाविलें. आणि २०१० सालीं सिंध प्रांतांत, पक्षाचें राज्य असतांना, सार्वजनिक-खासगी भागीदारीचा कायदा झाला. एका पी. पी. पी.नें दुसऱ्या पी. पी. पी.चा कायदा केला! पक्षानें आपलें मत बदलूं नये असें नाहीं. मतें बदलतात, कधीं शहाणपणानेंही बदलतात. पण चार दशकांत सरकारी मालकीपासून खासगी हमीपर्यंतचा एवढा प्रवास झाला आणि नांवांतलें एक अक्षरही हललें नाहीं. मधला ‘पी’ जनतेचा होता, तो तसाच राहिला. इंडोनेशियांत १९७३ सालीं सुहार्तोंच्या अमलाखालीं अनेक मुसलमानी पक्ष एकत्र कोंबून जो पी. पी. पी. बनविला, त्याच्या नांवांत जनतेचा उल्लेख मुळांतच नाहीं. निदान प्रामाणिकपणाच्या बाबतींत तो सरस म्हणावा लागेल.

राहिलें चौथें, प्रदूषणाचें तत्त्व. केंब्रिजचे पिगू यांनीं १९२० सालीं आपल्या ग्रंथांत ज्या विचाराचा पाया घातला, त्याला युरोप-अमेरिकेंतील धनिक राष्ट्रांच्या संघटनेनें १९७२ सालीं हें नांव दिलें, आणि आपल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० सालच्या कायद्यांत, कलम २० मध्यें, तें विराजमान झालें आहे. तत्त्व निःसंशय न्याय्य आहे. परंतु ‘भरावें’ या क्रियापदाचे दोन अर्थ होतात. दंडही भरतात आणि शुल्कही भरतात. दंड भरणारा चुकलेला असतो. शुल्क भरणारा हक्क विकत घेत असतो. नदी नासविणाऱ्यानें जें भरावयाचें तें यांपैकीं कोणतें? आपल्या धर्मशास्त्रानें हा निसरडा उतार पूर्वींच पाहिलेला आहे. पापाला कृच्छ्रादि प्रायश्चित्त. तें करवत नसेल तर त्याचा प्रत्याम्नाय म्हणून गोदान. गाय नसेल तर तिचें निष्क्रय द्रव्य. एकेक पायरी दयाबुद्धीनेंच सांगितलेली असेल, पण शेवटीं पैसे मोजून उठणाऱ्या मनुष्याच्या मनांत पापाचें नांवही उरलेलें नसे. तोही एक संक्षेपच होता. ‘जो दूषित करील त्यानें भरावें’ हें वाक्य ‘जो भरील त्यानें दूषित करावें’ असें उलटण्यास फारसा वेळ लागत नाहीं. आणि तीन अक्षरें तर दोन्ही वाक्यांना सारखींच शोभतात. ज्याची विहीर नासली त्या माणसासाठीं या नांवांत एक अक्षरही राखून ठेवलेलें नाहीं.

राजस्थानांत उदयपूरजवळ बिछडी नांवाचें गांव आहे. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथें रंगांसाठीं लागणारें ‘एच-ॲसिड’ नांवाचें रसायन तयार करणारे कारखाने निघाले. ते फार दिवस चालले नाहींत, पण दोन हजार टनांहून अधिक विषारी गाळ मागें राहिला आणि तो जमिनींत मुरला. विहिरींचें पाणी शेताला आणि गुरांनाही चालेना. १९८९ सालीं प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. १९९६ च्या फेब्रुवारींत न्यायालयानें हेंच तत्त्व लावून, जमीन व पाणी पूर्ववत् करण्याचा खर्च कारखान्यांच्या मालकांनींच सोसला पाहिजे, असा निर्णय दिला. तो निर्णय कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवितात. मालकांनीं अर्जांवर अर्ज केले. २०११ च्या जुलैंत न्यायालयानें ते फेटाळले, आणि ३७.३८५ कोटि रुपयांवर १२ टक्के चक्रवाढ व्याज व शिवाय खटल्याच्या खर्चाचे १० लाख भरण्यास फर्मावलें. गाळ मुरल्याला तोंपर्यंत वीस वर्षें उलटून गेलीं होतीं, आणि तितकीं वर्षें त्या विहिरींवर राहणारीं माणसें दुसऱ्या ठिकाणाहून पाणी आणीत होतीं.